कळशीतली लाल साय

माझी आतेबहीण लग्न होऊन विदर्भातल्या वणीला गेली. घर कोळशाच्या पट्ट्यातलं, पाणी बोअरचं. दिवाळीला खानापूरला आली की आधी विहिरीवर जाते आणि ओंजळीनं पाणी पिते. यंदा म्हणाली, "आमच्याकडं रातभर कळशी भरून ठेवली की वर लाल साय धरती बघ. फडक्यानं गाळून पितो."

ती साय लोहाची. जमिनीखाली हवा पोचत नाही तिथं लोह पाण्यात विरघळून असतं आणि पाणी नितळ दिसतं. वर उपसल्यावर हवा लागते, लोह गंजतं आणि तांबूस होऊन बसतं. चव बिघडते, कपडे पिवळे पडतात. पण लोह निदान दिसतं तरी. मला काळजी वाटते ती न दिसणाऱ्या धातूंची.

आपल्या बेळगाव जिल्ह्यात कोळशाची खाण नाही. इथं काळा पाषाण, खानापूरकडं जांभा. वणी-चंद्रपूरकडं मात्र कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या दलदलीतली झाडं गाडली जाऊन कोळसा झाला. त्या थरांत पायराइट नावाचं पिवळट चमकीचं खनिज असतं, लोह आणि गंधकाचं. हवेपासून दूर आहे तोवर ते निवांत पडून राहतं. खाण खोदताना पाणी उपसलं की तिथं हवा शिरते. हवा, पाणी आणि पायराइट एकत्र आले की गंधकाम्ल तयार होतं, आणि लोहावर जगणारे काही जिवाणू हे काम कितीतरी पटींनी वाढवतात. हे आम्ल मग आजूबाजूच्या खडकातलं मँगनीज, निकेल, कॅडमियम, शिसं सोडवून पाण्यात आणतं. खाणीतून काढून टाकलेल्या दगडमातीच्या ढिगांवर, ज्यांना तिथले लोक 'ओबी' म्हणतात, दर पावसाळ्यात हेच घडतं. खाण बंद पडून पंप थांबले की पाणी परत चढतं आणि भिंतींवर साचलेले क्षार धुऊन नेतं. म्हणजे खाण बंद झाली म्हणून धोका संपत नाही.

मध्य भारतातल्या कोळशात गंधक सहसा 1 टक्क्याहून कमी असतं, त्यामुळे सगळीकडं पाणी आंबट होतंच असं नाही. मेघालयातल्या कोळशात ते बरंच जास्त. तिथल्या जैंतिया टेकड्यांत ओढे आम्लधर्मी झाले. पण पाणी आंबट लागत नाही म्हणून निर्धास्त राहू नये. आर्सेनिक आणि मँगनीज आम्ल नसलेल्या पाण्यातही राहू शकतात.

प्रमाण किती सूक्ष्म असतं बघा. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात शिसं लिटरला 0.01 मिलिग्रॅमहून जास्त नको, कॅडमियम 0.003 हून. तुरीच्या दाण्याएवढं शिसं, साधारण 1 ग्रॅम, पूर्ण विरघळलं तर 1 लाख लिटर पाणी या मर्यादेला पोचतं. दहा हजार लिटरचे दहा टँकर! आणि एवढ्याशा शिशाचा मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो, कॅडमियम मूत्रपिंडात साठत जातं.

म्हणूनच दारात येऊन टीडीएस मीटर बुडवून "120 आलं, पाणी एकदम चांगलं" असं सांगणाऱ्या माणसावर मी विसंबत नाही, वणीत नाही आणि बेळगावातही नाही. तो मीटर पाण्यातल्या एकूण क्षारांचा अंदाज देतो. शिसं मर्यादेच्या पाचपट असलं तरी आकडा 120 च राहील. उकळूनही उपयोग नाही: चार लिटरचं तीन लिटर झालं की तेवढंच शिसं कमी पाण्यात उरतं. चांगला आरओ बरेचसे धातू अडवतो, पण त्यात काय अडवायचंय हे आधी कळायला हवं. त्यासाठी धातूंची तपासणी करणारी प्रयोगशाळाच लागते. गावातल्या साध्या किटनं लोह, फ्लोराइड, नायट्रेट कळतं, शिसं-कॅडमियम सहसा नाही.

बहीण निघाली तेव्हा तिला सांगितलं: नमुना कळशीतला घेऊ नकोस. लाल गाळ खाली बसताना आर्सेनिक, शिसं यांना बरोबर ओढून नेतो, मग वरचं पाणी खोटंच स्वच्छ दिसतं. बोअर थोडा वेळ चालू ठेव, मग प्रयोगशाळेनं दिलेल्या बाटलीत थेट भर. त्यात नायट्रिक आम्लाचे थेंब असतात, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटून राहतात. ते थेंब ओतून बाटली विसळू नकोस.