डाउनलोड अर्ध्यात तुटतं तेव्हा

खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात लाईट जाण्याचं कुणाला नवल नाही. झाड पडलं, तार तुटली, की राउटर बंद. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण ब्राउझरमध्ये ऐंशी टक्क्यांवर आलेलं डाउनलोड पुष्कळदा 'फेल' म्हणून मोकळं होतं. शाळेत नेटशिवाय विकिपीडिया वाचता यावा म्हणून किविक्सची मोठी फाईल उतरवायला बसलेल्या गुरुजींनी मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची का?

मुळीच नाही. तुटल्या जागेवरून पुढे जायची सोय एचटीटीपीच्या (आपला संगणक आणि फाईल ठेवणारा दूरचा संगणक, म्हणजे सर्व्हर, ज्या नियमांनी बोलतात त्यांच्या) १.१ या आवृत्तीत, म्हणजे १९९७ पासून आहे. समजा ७०० एमबी उतरले, म्हणजे ७३,४०,०३,२०० बाईट. बाईट शून्यापासून मोजतात, त्यामुळे हातातला शेवटचा बाईट ७३,४०,०३,१९९ क्रमांकाचा. प्रोग्रॅम सर्व्हरला एवढंच सांगतो: ७३,४०,०३,२०० पासून पुढचं पाठव. सर्व्हरला हे जमत असेल तर तो २०६ हा आकडा पाठवून उरलेला भाग देतो. २०० आला, तर समजायचं की स्वारी अख्खी फाईल पाठवायला निघाली आहे.

ही मागणी करणारे दोन जुने, फुकट प्रोग्रॅम आहेत. डब्ल्यूगेट १९९६ मध्ये क्रोएशियाच्या ह्र्वोये निक्शिचने आणला. कर्ल स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्गचा, मार्च १९९८ चा. डब्ल्यूगेटच्या आज्ञेला छोट्या लिपीतलं 'सी' (-c) जोडलं की तो अर्धवट फाईल पुढे चालू करतो. मोठ्या फाईलसाठी मी तोच घेईन. कर्ल जास्त कामांचा आहे, पण 'फाईल सापडली नाही' असं सांगणारं पानसुद्धा तो निमूटपणे फाईल म्हणून साठवतो. 'एफ' (-f) जोडलं तरच तक्रार करतो.

डब्ल्यूगेट आपणहून वीस वेळा प्रयत्न करतो, मात्र राउटरच बंद असला की त्याला सर्व्हरचा पत्ताच मिळत नाही आणि तो तिथेच हात टेकतो. शेल स्क्रिप्ट लागते ती इथे. शेल म्हणजे टाईप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम, आणि स्क्रिप्ट म्हणजे त्याच्यासाठी ओळीने लिहून ठेवलेल्या आज्ञा. काम संपलं की प्रत्येक प्रोग्रॅम शेलला एक आकडा देऊन जातो. शून्य म्हणजे जमलं. बाकीचे आकडे नापासाची कारणं. डब्ल्यूगेटचा ४ म्हणजे नेटवर्कची अडचण, ८ म्हणजे सर्व्हरनेच नकार दिला. म्हणून स्क्रिप्टमध्ये लिहायचं: ४ आला तर पाच मिनिटं थांबून पुन्हा तीच आज्ञा, ८ आला तर थांब. चुकीचा पत्ता रात्रभर विचारत बसलं म्हणून फाईल उगवत नाही, सर्व्हरवर फुकटचा भार मात्र पडतो.

यात एक खोच आहे. दरम्यान सर्व्हरवर नवी, आणखी मोठी फाईल आली, तर डब्ल्यूगेट जुन्या अर्ध्याला नवा अर्धा चिकटवतो. पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीला दुसऱ्या आवृत्तीची उरलेली पानं शिवावीत तसं. आकार बरोबर दिसतो, फाईल मात्र उघडत नाही. म्हणून स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत एसएचए-२५६ तपासायचा: फाईलमधल्या प्रत्येक बाईटवरून काढलेली ६४ चिन्हांची ओळ. फाईल ठेवणारे ती बहुतेकदा सोबत देतात. एक बाईट जरी इकडचा तिकडे झाला तरी ओळ पार बदलते. जुळली नाही, तर फाईल पुसून नव्याने उतरवायची. इथे 'सी' कामाचा नाही, कारण बिघाड आहे एवढंच ती ओळ सांगते, कुठे आहे ते नाही.