दैनंदिन जीवनातील इंटरनेट

निरोप, पैशांची देवघेव, शिक्षण, करमणूक, सरकारी अर्ज अशी रोजची कामे जगभरच्या संगणकजाळ्यावरून होऊ लागणे आणि हळूहळू त्या जाळ्यावाचून ती अडू लागणे, या दोन्ही गोष्टी या विषयात येतात. पहिलीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. दुसरी बहुधा जाळे बंद पडल्यावरच लक्षात येते.

या जाळ्याची सुरुवात संशोधकांच्या गरजेतून झाली. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे ‘आर्पानेट’ या अमेरिकेतल्या संशोधनासाठीच्या संगणकजाळ्यावरून पहिला संदेश धाडण्यात आला. ‘लॉगिन’ या शब्दाची पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि यंत्रणा बंद पडली. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी आखलेली टीसीपी/आयपी ही नियमावली १ जानेवारी १९८३ पासून आर्पानेटवर लागू झाली, तेव्हा निरनिराळ्या जाळ्यांना एकमेकांशी जोडून घेण्याचा पक्का पाया मिळाला. सामान्य माणसापर्यंत ते पोहोचले मात्र टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या युरोपीय भौतिकशास्त्र संशोधन संस्थेत मांडलेल्या वेबच्या, म्हणजे दुव्यांनी एकमेकांशी जोडलेल्या पानांच्या कल्पनेमुळे. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबचे तंत्र सर्वांना विनामूल्य खुले केले. या साऱ्या इतिहासातला सर्वांत दूरगामी निर्णय हाच म्हणावा लागेल. परवानगी नको, शुल्क नको, त्यामुळे कोणीही उठून संकेतस्थळ काढू शकला.

तरीही बराच काळ इंटरनेट ‘लावावे’ लागे. मोडेम दूरध्वनीच्या तारेवरून जोडणी करी, तेवढा वेळ घरचा फोन अडकून राही आणि काम झाले की जोडणी तोडली जाई. ब्रॉडबँडने ती कायम चालू ठेवली. २००७ नंतर झपाट्याने पसरलेल्या स्पर्शपडद्याच्या स्मार्टफोनने ती खिशात आणली. इंटरनेटवर जाणे आणि परत येणे हा भेद तिथेच मिटला.

फोनवरून पैसे पाठवण्याचे साधे उदाहरण घेतले तरी या यंत्रणेचा पसारा कळतो. बटण दाबल्यावर फोन आधी सेवेच्या नावावरून तिचा अंकी पत्ता शोधतो. हे काम १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी रचलेली डीएनएस ही नामव्यवस्था करते. मग समोरचा संगणक खरोखर त्याच सेवेचा आहे ना, हे प्रमाणपत्रावरून तपासले जाते आणि दोन्ही बाजू एक गुप्त किल्ली ठरवतात. अनोळखी दोघांना उघड्या मार्गावरून अशी किल्ली ठरवता येते, हे डिफी आणि हेलमन या संशोधकांनी १९७६ मध्ये दाखवून दिले होते. ऑनलाइन व्यवहारांवरचा आजचा विश्वास बराचसा त्या शोधावर उभा आहे. त्यानंतर माहितीचे तुकडे होऊन निघतात, वाटेत एखादा हरवला तर तो पुन्हा पाठवला जातो. समुद्रापार जायचे असेल तर बहुतेक वेळा उपग्रहावरून नव्हे, समुद्रतळावरच्या काचतंतूंच्या केबलमधून. त्यातला प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो, म्हणजे १०,००० किलोमीटरला अवघे ५० मिलिसेकंद लागतात. वापरणाऱ्याला दिसते ते क्षणभर फिरणारे चक्र.

हा वेग जितका अंगवळणी पडतो, तितका खंड पडल्यावरचा गोंधळ मोठा. जानेवारी २०२२ मध्ये टोंगा या द्वीपराष्ट्राजवळ समुद्रातील ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि देशाला बाहेरच्या जगाशी जोडणारी केबल तुटली. दुरुस्तीला सुमारे पाच आठवडे लागले. परदेशी राहणाऱ्या आप्तांकडून येणाऱ्या पैशांवर ज्या देशातली कितीतरी घरे चालतात, तिथे ही निव्वळ तांत्रिक अडचण नव्हती. त्याआधी ४ ऑक्टोबर २०२१ रोजी देखभालीतल्या एका चुकीमुळे फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम एकाच वेळी सुमारे सहा तास बंद राहिले. या तिन्ही सेवा चालवणाऱ्या कंपनीची अंतर्गत साधनेही त्याच जाळ्यावर चालत असल्याने दुरुस्ती करणाऱ्यांचीच वाट अडली.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये सुमारे ५.५ अब्ज लोक, म्हणजे जगातले ६८ टक्के, इंटरनेट वापरत होते. उरलेल्यांकडे फक्त एक सोय नाही, असे समजणे चूक ठरेल. कार्यालयातली खिडकी बंद होऊन अर्ज केवळ ऑनलाइन होतो, तेव्हा त्यांच्या हातात आधी असलेला मार्गही जातो. जोडणी असूनही ती हाताळता न येणारे आणखी वेगळे. त्यांना पासवर्ड आणि ओटीपी दुसऱ्याला सांगूनच काम करून घ्यावे लागते आणि बँकेतली शिल्लक, आजारपण, घरच्या कागदपत्रांतले तपशील परक्या नजरेखालून जातात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी युरोपीय संघाने मे २०१८ पासून जीडीपीआर हा कायदा लागू केला. असे कायदे कंपन्यांना आवर घालतात, पण या परावलंबनाला त्यांच्याकडे उत्तर नाही.

जाळे मुद्दाम तोडण्याचे प्रकारही घडतात. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने २०१६ मध्ये ठराव करून अशा बंदीचा निषेध केला. हे ठराव कायद्याने बंधनकारक नसतात. आंदोलने, निवडणुका, काही देशांत तर परीक्षांच्या काळातही इंटरनेट बंद ठेवण्याचे आदेश त्यानंतर निघत राहिले. त्यांची झळ निदर्शकांपुरती राहत नाही. ऑनलाइन पैसे घेणारा विक्रेता, दूरवरच्या डॉक्टरांचा सल्ला घेणारा रुग्ण आणि अर्जाची शेवटची तारीख गाठू पाहणारा विद्यार्थीही तितकाच अडतो.