पार्श्वभूमी : भेट पृथ्वीजवळ की चंद्राजवळ?

जानेवारी २०२५मध्ये इस्रोच्या, म्हणजे आपल्या दोन चिमुकल्या उपग्रहांनी पृथ्वीभोवती फिरता फिरता एकमेकांना धरलं. वजन प्रत्येकी साधारण २२० किलो. आधी मुहूर्त टळला, १२ तारखेला तीन मीटरपर्यंत येऊन दोघं पुन्हा मागे सरकले आणि १६ तारखेला एकदाचे जुळले. लग्न जुळण्यावरचे विनोद व्हायचे ते झाले. पण दोन डबे एकमेकांना चिकटवण्याचा चंद्राशी काय संबंध, हे फारसं कुणी नीट सांगितलं नाही. तो संबंध कळायला १९६२ सालात जावं लागतं. माणूस चंद्रावर गेला त्याच्या सात वर्षं आधी, एका कागदी वादात.

स्पुटनिक, गागारिन, शीतयुद्ध, अमेरिकी अध्यक्ष केनेडींचं भाषण हे सगळं आपल्याला पाठ आहे, ते इथे उगाळत नाही. एवढंच ध्यानात ठेवू, की २५ मे १९६१ रोजी 'हे दशक संपायच्या आत चंद्रावर माणूस' अशी घोषणा झाली, तेव्हा अमेरिकेच्या गाठीला मानवी अंतराळप्रवासाचा जेमतेम १५ मिनिटांचा अनुभव होता. तोही पृथ्वीची एक प्रदक्षिणा न करता, वर जाऊन खाली आल्याचा. कधीपर्यंत जायचं ते जाहीर झालं होतं. कसं जायचं हे ठरायला पुढे जवळपास चौदा महिने लागले.

रस्ते तीन होते. पहिला सरळ : एक अजस्र अग्निबाण, 'नोव्हा' नावाचा, त्यावर एकच मोठं यान. ते तसंच्या तसं चंद्रावर शेपटीवर उभं उतरणार आणि तसंच परत निघणार. दुसरा : तुलनेने लहान दोन अग्निबाण सोडायचे, पृथ्वीच्या कक्षेतच यान आणि इंधन यांची गाठ घालायची आणि मग चंद्राकडे निघायचं. तिसरा सगळ्यांत विचित्र : मुख्य यान चंद्राभोवती फिरत ठेवायचं, त्यातून एक छोटं उतरणयान खाली जाईल, काम उरकून वर येईल आणि मुख्य यानाला पुन्हा येऊन जोडलं जाईल.

तिसऱ्यातला फायदा गडावर जाणाऱ्याला लगेच कळेल. हरिश्चंद्रगडावर मुक्कामाची सॅक गुहेत ठेवून आपण पाण्याची बाटली घेऊन तारामतीवर चढतो. तंबू, शिधा, पातेली शिखरावर नेऊन परत आणण्यात काय अर्थ? चंद्रावर हा हिशेब फार कडक होतो. तिथे हवा नाही, म्हणजे पॅराशूट नाही. प्रत्येक किलो इंजिन जाळूनच उतरवायचा आणि इंजिन जाळूनच उचलायचा. पृथ्वीच्या वातावरणात शिरताना लागणारं उष्णतारोधक कवच आणि परतीचं इंधन चंद्राच्या जमिनीवर नेणं म्हणजे ते ओझं दोनदा वाहणं. ते वरच ठेवलं, तर अख्खी मोहीम एकाच सॅटर्न-५ अग्निबाणात बसत होती.

हा हिशेब लावून धरणारा अभियंता अमेरिकेच्या अंतराळसंस्थेच्या, म्हणजे नासाच्या, व्हर्जिनियातल्या लँग्लीच्या संशोधन केंद्रातला. डिसेंबर १९६०च्या एका बैठकीत त्याचे आकडे खोटे आहेत असं त्याला सर्वांदेखत सुनावलं गेलं. नोव्हेंबर १९६१मध्ये त्याने मधल्या सगळ्या पायऱ्या ओलांडून मुख्यालयातल्या वरिष्ठाला नऊ पानी पत्र लिहिलं. सूर असा, की आपल्याला चंद्रावर जायचं आहे की नाही? नोव्हाचं अवाढव्य आकारमान निमूट मान्य होतं आणि आमची योजना ऐकूनही घेतली जात नाही, असं का? सरकारी नोकरीत असं पत्र लिहिणाऱ्याचं पुढे काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. त्याच्या नशिबाने वरिष्ठ समजूतदार निघाला आणि योजना पुन्हा टेबलावर आली.

ही गोष्ट हल्ली एकट्याने लढलेल्या माणसाची म्हणून सांगितली जाते. मला ती तशी सांगणं पटत नाही. चंद्राभोवती मुख्य यान ठेवून छोटं यान खाली पाठवायची कल्पना युक्रेनमधल्या एका स्वयंशिक्षित अभियंत्याने पहिल्या महायुद्धाच्या काळातच मांडली होती. त्याचं पुस्तक १९२९मध्ये निघालं. टेक्सासमधल्या एका विमान कंपनीच्या मंडळींनीही १९६०मध्ये याच वळणाचा अभ्यास सादर केला होता. शिवाय 'आकडे खोटे' म्हणणारे अगदीच चुकीचे नव्हते. लँग्लीच्या सुरुवातीच्या चित्रांमध्ये उतरणयान म्हणजे उघड्या सांगाड्यावर बसलेला माणूस होता. प्रत्यक्षात जे बनलं त्याचं इंधनासह वजन १५ टनांच्या आसपास गेलं. पत्र लिहिणारा दिशेबाबत बरोबर होता. वजनाबाबत त्याचे विरोधक सत्याच्या जास्त जवळ होते.

खरी कलाटणी मिळाली ७ जून १९६२ रोजी, अलाबामातल्या हंट्सव्हिलमध्ये. अग्निबाण बांधणारं केंद्र तिथलं आणि ते पृथ्वीजवळच्या जोडणीच्या बाजूचं, कारण त्यात अग्निबाण दुप्पट लागणार होते. दिवसभर तिथल्या मंडळींनी आपल्याच मार्गाची बाजू मांडली. शेवटी त्यांचा जर्मन प्रमुख उठला आणि आपलं मत चंद्राजवळच्या भेटीला आहे, असं त्याने सांगून टाकलं. त्याचेच सहकारी चकित झाले. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की दशकाच्या आत पोचायचं तर याच मार्गाने. आणि उतरायचं यान वेगळं, परतायचं यान वेगळं केलं की दोन्ही सोपी होतात. हे दुसरं कारण मला पहिल्यापेक्षा मोठं वाटतं. एकाच वाहनाने चंद्रावर उतरायचं, तिथून उडायचं आणि ताशी ४० हजार किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने पृथ्वीच्या हवेत शिरायचं, ही मागणीच परस्परविरोधी होती.

११ जुलैला निर्णय जाहीर झाला, पण वाद मिटला नाही. अध्यक्षांच्या विज्ञान सल्लागाराचा मुद्दा साधा होता : पृथ्वीजवळ जोडणी फसली तर माणसं घरी येतील, चंद्राजवळ फसली तर पावणेचार लाख किलोमीटरवर दोघं मरतील. शिवाय कक्षेत यानं जोडण्याची विद्या तेव्हा जगात कुणाकडेच नव्हती. सप्टेंबरात अध्यक्ष हंट्सव्हिलला आले, तेव्हा सल्लागार आणि अधिकारी त्यांच्यासमोर, पत्रकारांच्या देखत, अग्निबाणाच्या शेजारी उभे राहून वाद घालू लागले. ऑक्टोबरात क्युबाचा पेच आला, सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं. ७ नोव्हेंबरला उतरणयान कोण बांधणार ते जाहीर झालं आणि विषय संपला.

इथे शब्दांचा एक गुंता सोडवून घ्यायला हवा, कारण मराठीत त्याची सर्रास सरमिसळ होते. भेट वेगळी, जोडणी वेगळी. भेट म्हणजे दोन यानं एकाच कक्षेत, एकाच वेगाने, हाताच्या अंतरावर येणं. जोडणी म्हणजे प्रत्यक्ष चिकटणं. आणि नुसतं जवळून जाणं या दोन्हीत मोडत नाही. ऑगस्ट १९६२मध्ये, म्हणजे वरच्या निर्णयानंतर महिनाभरात, सोव्हिएत संघाने एका दिवसाच्या अंतराने दोन व्होस्तोक यानं सोडली. ती एकमेकांपासून साधारण साडेसहा किलोमीटरवर आली आणि जगभर 'अंतराळात भेट' असा गवगवा झाला. पण त्या यानांना कक्षा बदलण्याची सोयच नव्हती. नेम धरून सोडलेले दोन दगड क्षणभर शेजारून गेले, इतकंच. खरी भेट डिसेंबर १९६५मध्ये झाली : अमेरिकेची जेमिनी-६ आणि जेमिनी-७ ही यानं फूटभर अंतरापर्यंत आली. पहिली जोडणी मार्च १९६६ची, जेमिनी-८ची. ती होऊन अर्धा तास झाला नाही तोच यान वळवणारं एक छोटं इंजिन बिघडून ते गरगरायला लागलं, सुटं केल्यावर तर सेकंदाला जवळपास एक गिरकी. ते सावरून समुद्रात सुखरूप उतरवणारा यानप्रमुख पुढे चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणार होता.

एकदा मार्ग ठरल्यावर उतरणयानाचं रूप आपोआप ठरत गेलं. त्याला हवेतून उडायचंच नव्हतं, म्हणून निमुळतं नाक नको, चकचकीत काया नको. कोळ्यासारखे पाय आणि अष्टावक्र अंग. वजन उतरवता उतरवता अभियंत्यांनी खुर्च्याच काढून टाकल्या. त्याने दुहेरी फायदा झाला : उभा माणूस काचेच्या अगदी जवळ जातो, त्यामुळे मोठ्या जड काचांऐवजी दोन लहान तिकोनी खिडक्या पुरल्या. चंद्रावर माणूस उतरला तो एसटीच्या कंडक्टरसारखा उभ्याने! निघताना खालचा अर्धा भाग तिथेच सोडायचा, तोच उड्डाणाचा चौथरा. वर नेणारं इंजिन एकच, त्याला पर्याय नव्हता. एकमेकांना शिवताच पेटणारी दोन द्रव्यं त्यात, म्हणजे ठिणगीचीही भानगड नको.

पुढे 'अपोलो' नावाच्या या चांद्रमोहिमांना आधी खीळ बसली, मग त्या भराभर झाल्या. जानेवारी १९६७मध्ये जमिनीवरच्या चाचणीत यानाला आग लागून तिघे गेले, माणसांची उड्डाणं दीड वर्षाहून अधिक थांबली. १९६८मध्ये उतरणयान वेळेत तयार होईना, तेव्हा त्याच्याविनाच अपोलो-८ चंद्राकडे पाठवायचं ठरलं. डिसेंबरात तिघांनी चंद्राच्या दहा प्रदक्षिणा केल्या. मार्च १९६९मध्ये अपोलो-९ने उतरणयान पृथ्वीभोवती तपासून पाहिलं, मेमध्ये अपोलो-१० चंद्राच्या जमिनीपासून साधारण १५ किलोमीटरवर जाऊन परतलं. आणि मग अपोलो-११. तारखेवरून आपल्याकडे अजून वाद होतात. २० जुलै ही अमेरिकेची तारीख. आपल्या घड्याळात यान उतरलं ते २१ जुलैच्या रात्री पावणेदोनला आणि पहिलं पाऊल पडलं सकाळी साडेआठच्या सुमारास.

वर, साधारण ११० किलोमीटरवर, तिसरा अंतराळवीर एकटा फिरत होता. दर फेरीत पाऊण तासाहून थोडा जास्त वेळ तो चंद्राआड जाई आणि रेडिओ बंद पडे. खाली इंजिन पेटलं नाही तर त्याने एकट्याने परतायचं, हे ठरलेलं होतं. वॉशिंग्टनमध्ये तशा प्रसंगासाठी शोकभाषणही लिहून ठेवलेलं होतं. आणि खरोखरच, नेमक्या त्या इंजिनाच्या सर्किटची कळ उतरणयानात मोडून पडलेली सापडली. ती एका स्केचपेनाच्या टोकाने आत दाबली. ज्या भेटीवरून १९६२मध्ये एवढं रण माजलं होतं, ती त्यानंतर काही तासांत बिनबोभाट पार पडली.

विज्ञान सल्लागाराची भीती एकदा जवळून डोकावून गेली. फेब्रुवारी १९७१मध्ये अपोलो-१४ला चंद्राकडे जातानाच उतरणयानाशी जोडणी जमेना. पाच प्रयत्न फुकट गेले, सहाव्यात कुलपं लागली. त्याआधी एप्रिल १९७०मध्ये अपोलो-१३च्या मुख्य यानातली ऑक्सिजनची टाकी फुटली, तेव्हा उलटंच घडलं. दोघांना दोन दिवस पुरावं म्हणून बांधलेलं उतरणयान तिघांना साडेतीन दिवसांहून अधिक जगवून परत घेऊन आलं. सरळ मार्गाने गेले असते तर हे दुसरं यान सोबत नसतंच. अर्थात हाच स्फोट अपोलो-८वर झाला असता तर? त्यांच्याकडेही ते नव्हतं. त्या उड्डाणाला आज नाताळच्या रोषणाईत आठवतात, पण मला तो साऱ्या मालिकेतला सर्वांत बेफिकीर जुगार वाटतो.

सोव्हिएत बाजूनेही शेवटी चंद्राजवळच्या भेटीचाच मार्ग धरला होता. त्यांच्या उतरणयानात एकच माणूस, आणि दोन यानांना जोडणारा बोगदा नसल्याने त्याने अंतराळपोशाखात बाहेरून एका यानातून दुसऱ्यात जायचं. पण त्यांचा एन-१ अग्निबाण, पहिल्या टप्प्यात ३० इंजिनं असलेला, १९६९ ते १९७२ या काळात चारही वेळा वर जाताना कोसळला. माणूस बसायची वेळच आली नाही.

डिसेंबर १९७२मध्ये अपोलो-१७ परतलं. चंद्रापर्यंत २४ जण गेले, त्यांतले १२ जमिनीवर चालले, ३८२ किलो दगडमाती आली. आणि कक्षेत काही उरलं नाही. तिसऱ्या मार्गावरचा माझ्या मते सर्वांत रास्त आक्षेप हा : पृथ्वीजवळ जोडणी केली असती तर इंधन भरायची, यानं जुळवायची सोय तिथे उभी राहिली असती, ती पुढे कामी आली असती. दशकाच्या घाईत सॅक गुहेत ठेवून शिखर गाठलं खरं, पण गडावर पुन्हा यायची वाट बांधली नाही.

म्हणूनच आताच्या योजनांत जुने तिन्ही रस्ते मिसळलेले दिसतात. अमेरिकेच्या आर्टेमिस योजनेत माणसांचं यान आणि उतरणयान यांची गाठ चंद्राजवळ. पण २०२१मध्ये निवडलेल्या खासगी उतरणयानात आधी पृथ्वीच्या कक्षेत अनेक फेऱ्यांनी इंधन भरायचं, आणि उतरायचं पुन्हा शेपटीवर उभं, नोव्हाच्या चित्रासारखं. चीनचा २०३०पूर्वीचा आराखडा दोन अग्निबाण आणि चंद्राजवळ भेट असा आहे. माणसाविना अशी भेट त्यांनी डिसेंबर २०२०मध्येच करून दाखवली आणि माती आणली.

आपल्या चांद्रयान-४ला सप्टेंबर २०२४मध्ये मंजुरी मिळाली, २१०४ कोटी रुपये. चंद्राची माती आणायची, माणूस नाही. यानाचे पाच भाग, उड्डाणं दोन. एक जोडणी पृथ्वीच्या कक्षेत, दुसरी चंद्राच्या.