एमव्हीपी आणि वॉर: एक निकाल, दुसरा हिशेब

बेसबॉलचे दोन चाहते एखाद्या खेळाडूच्या थोरवीवर भांडायला लागले की एक वाक्य हमखास येतं: "ह्याला तीन एमव्हीपी आहेत, त्याला दोनच." त्यावर दुसऱ्याचं उत्तर ठरलेलं: "पण वॉर बघ ना!" एमव्हीपी आणि वॉर ही जणू एकाच गोष्टीची दोन मापं आहेत, अशा थाटात हा वाद चालतो. प्रत्यक्षात एमव्हीपी (मोस्ट व्हॅल्युएबल प्लेयर) म्हणजे मोसमातला सर्वात मोलाचा खेळाडू कोण, यावर ठरावीक पत्रकारांनी मतदान करून लावलेला निकाल, आणि वॉर (विन्स अबव्ह रिप्लेसमेंट) म्हणजे खेळाडूनं मैदानावर केलेल्या कामाचा विजयांमध्ये मांडलेला अंदाजी हिशेब. निकालाकडेच पुरावा म्हणून बोट दाखवलं की वाद गोल गोल फिरायला लागतो. 2012 सालच्या अमेरिकन लीगइतकं (मेजर लीग बेसबॉलच्या दोन लीगपैकी ही एक) याचं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही.

त्या वर्षी डेट्रॉइट टायगर्सच्या मिगेल काब्रेरानं ट्रिपल क्राउन मिळवला. बॅटिंग ॲव्हरेज, होमरन (सगळे बेस फिरून धाव देणारा, बहुतेकदा कुंपणाबाहेर गेलेला फटका) आणि आरबीआय (आपल्या फटक्यावर संघाला मिळालेल्या धावा) या तिन्हींत लीगमध्ये पहिलं येणं म्हणजे ट्रिपल क्राउन. त्याचं ॲव्हरेज होतं 0.330, होमरन 44 आणि आरबीआय 139. 1967 मध्ये कार्ल यस्त्रेम्स्कीनं हे साधलं होतं, त्यानंतर कुणालाच जमलं नव्हतं. त्याच मोसमात लॉस एंजेलिस एंजल्सकडून माइक ट्राउट नावाचा विशीतला पोरगा पहिलं पूर्ण वर्ष खेळत होता. ॲव्हरेज 0.326, होमरन 30, आरबीआय 83, आणि चोरलेले बेस (पिचर चेंडू टाकत असताना पळून गाठलेले पुढचे बेस) 49.

मतदान झालं तेव्हा 28 पैकी 22 जणांनी काब्रेराला पहिलं स्थान दिलं. पहिल्या स्थानाला 14 गुण, दुसऱ्याला 9, तिसऱ्याला 8, असा उतरता हिशेब असतो. त्यानुसार काब्रेराला 362 आणि ट्राउटला 281 गुण मिळाले. वॉरच्या हिशेबात मात्र ट्राउट दहाच्या वर होता आणि काब्रेरा सातच्या आसपास. फरक साधारण तीन विजयांचा, म्हणजे बराच मोठा.

वॉरमागची कल्पना अशी. हा खेळाडू उद्या जायबंदी झाला आणि त्याच्या जागी मायनर लीग या खालच्या पातळीवरून सहज, स्वस्तात मिळणारा कुणी उभा केला, तर संघाचे किती सामने कमी जिंकले जातील? फलंदाजी, बेसवरची धावपळ, क्षेत्ररक्षण आणि खेळण्याची जागा या सगळ्याचं मोल आधी धावांमध्ये काढतात. मग ढोबळमानानं दहा धावांना एक विजय धरून बेरीज करतात. सेंटर फील्ड (मैदानाच्या मागच्या भागाचा मध्य) सांभाळणाऱ्याला फर्स्ट बेसवाल्यापेक्षा जास्त श्रेय मिळतं, कारण तिथे उभं राहू शकणारे थोडे असतात.

आता ट्रिपल क्राउनचे तीन आकडे जरा जवळून बघू. क्रिकेटवर पोसलेल्या आपल्या मनाला ॲव्हरेज म्हटलं की दर बादमागे धावा आठवतात. बेसबॉलमध्ये ते दर पाळीमागे किती हिट (बेसवर पोचवणारे फटके), एवढंच सांगतं. वॉक (पिचरच्या चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकट पहिला बेस) मिळालेला बॅटर बेसवर पोचतोच, पण ॲव्हरेज काढताना ती पाळी धरलीच जात नाही. शिवाय सिंगल (एकाच बेसचा हिट) आणि होमरन दोन्हींची किंमत तिथे सारखीच. बेसवर पोचण्याचं खरं प्रमाण ऑन-बेस पर्सेंटेज सांगतं, आणि त्यात ट्राउट 0.399, काब्रेरा 0.393. म्हणजे ज्या खात्यात काब्रेरा पहिला होता, त्याच्या अधिक पूर्ण रूपात ट्राउट त्याच्यापुढे होता.

आरबीआयचं दुखणं याहून मोठं आहे. तुमच्या फटक्यावर धाव यायची तर आधी बेसवर कुणीतरी हवं. काब्रेरा तिसऱ्या क्रमांकावर यायचा आणि टायगर्सचा पहिला बॅटर ऑस्टिन जॅक्सन त्या वर्षी भरपूर वेळा बेसवर असायचा. ट्राउट स्वतःच पहिल्या क्रमांकावर, त्यामुळे सामन्यातल्या त्याच्या पहिल्या पाळीला बेस रिकामे असणार हे नक्की. त्यानं 129 धावा काढल्या, पण धावांचा रकाना ट्रिपल क्राउनमध्ये नाही. 139 विरुद्ध 83 हा फरक पाहून काब्रेराला दीडपटीहून मोठा ठरवणारे त्याच्या सहकाऱ्यांचं श्रेयही त्याच्याच खिशात घालत होते.

फटक्यांच्या ताकदीत मात्र काब्रेरा निर्विवाद पुढे होता. त्याचं स्लगिंग (दर पाळीमागे फटक्यांनी मिळवलेले बेस) 0.606, ट्राउटचं 0.564. पण एंजल्सचं मैदान पिचरला साथ देणारं. ते हिशेबात धरलं की निव्वळ फलंदाजीत दोघं जवळपास बरोबरीला येतात. खरी दरी पडते ती बॅट खाली ठेवल्यावर. ट्राउटनं 49 बेस चोरले आणि तो फक्त 5 वेळा पकडला गेला. काब्रेरा 28 वेळा डबल प्लेमध्ये (एकाच फटक्यावर दोघे बाद) सापडला, लीगमध्ये सर्वाधिक. ट्राउट 7 वेळा. क्षेत्ररक्षणात ट्राउट सेंटर फील्डला होता. जूनमध्ये बॉल्टिमोरला त्यानं कुंपणावरून उंच झेपावत जे. जे. हार्डीचा होमरन हिसकावून घेतला, तो झेल आजही बघावा असा आहे. प्रिन्स फील्डर संघात आला म्हणून काब्रेरा त्याच वर्षी फर्स्ट बेसवरून थर्ड बेसवर गेला. संघासाठी केलेली ही तडजोड मला फार मोलाची वाटते, पण तिथे तो चांगला क्षेत्ररक्षक होता असं म्हणता येणार नाही.

मग 22 जणांनी चूक केली का? माझं मत असतं तर ट्राउटला गेलं असतं, यात मला शंका नाही. पण मतपत्रिकेवरच्या सूचनाच मोकळ्या आहेत. बेसबॉल रायटर्स असोसिएशन 1931 पासून हा पुरस्कार देते. कोण सर्वात मोलाचा, याची नेमकी व्याख्या नाही, ते ज्यानं त्यानं ठरवावं, असं सूचनांतच लिहिलेलं असतं. किती सामने खेळला आणि स्वभाव, निष्ठा कशी, याही गोष्टी त्यात आहेत. काब्रेरा 161 सामने खेळला. ट्राउटला एप्रिलच्या शेवटी वर बोलावलं, त्यामुळे त्याचे 139 झाले. शिवाय टायगर्सनी अखेरच्या दिवसांत शिकागो व्हाइट सॉक्सला मागे टाकून लीगमधला आपला विभाग जिंकला, आणि ती चुरस मतदारांच्या मनात ताजी होती. हा शेवटचा मुद्दा मला सर्वात कच्चा वाटतो. टायगर्सचे विजय 88, एंजल्सचे 89. एंजल्स घरी बसले (पुढच्या फेरीत गेले नाहीत) ते त्यांचा विभाग अवघड होता म्हणून, आणि त्याचं ओझं ट्राउटवर टाकणं अन्यायाचं आहे.

वॉरलाही डोळे झाकून शरण जाऊ नये. बेसबॉल रेफरन्स आणि फॅनग्राफ्स ही दोन संकेतस्थळं तो वेगवेगळ्या रीतीनं काढतात आणि आकडे जुळत नाहीत. एका मोसमाचं क्षेत्ररक्षण मोजणं तर फारच डळमळीत. 6.8 विरुद्ध 6.3 असा फरक दाखवून कुणी कुणाला श्रेष्ठ ठरवत असेल तर ऐकून सोडून द्यावं. 2012 चं प्रकरण वेगळं, कारण ट्राउटच्या क्षेत्ररक्षणाचं श्रेय अर्धं केलं तरी तो पुढेच राहतो.

जुना दाखला 1947 चा. बोस्टनच्या टेड विल्यम्सनं ट्रिपल क्राउन मिळवला: 0.343, 32 होमरन, 114 आरबीआय. यँकीजच्या जो डिमॅजिओचे आकडे होते 0.315, 20 आणि 97. पुरस्कार डिमॅजिओला गेला, 202 विरुद्ध 201 गुणांनी. यँकीज लीग जिंकले होते. आज कुणी "डिमॅजिओ तीन, विल्यम्स दोन" असं मोजतं, तेव्हा त्यात तो एक गुणही दडलेला असतो. विल्यम्स 1947 मध्ये कमी खेळला, असं मात्र ती मोजणी कुठेच सिद्ध करत नाही.

ट्राउटला पहिला एमव्हीपी 2014 मध्ये मिळाला, तोही एकमतानं. त्या वर्षी त्याचं ॲव्हरेज 0.287 वर घसरलं होतं, चोरलेले बेस 16 वर आले होते आणि वॉर 2012 पेक्षा बराच कमी होता. पण आरबीआय 111, लीगमध्ये सर्वाधिक, आणि एंजल्सनी 98 सामने जिंकले होते. दोन वर्षांनी, 2016 मध्ये, एंजल्स 88 सामने हरले आणि तरीही मतदारांनी ट्राउटलाच निवडलं. 2012 मध्ये हरवलेला मुद्दा चार वर्षांत मतदारांना पटला होता.