माजी सैनिकांचे अपंगत्व निवृत्तिवेतन : दावा आणि अपील (कोल्हापूर जिल्हा)

सैन्यदलातील सेवेमुळे जडलेल्या किंवा त्या सेवेत बळावलेल्या दुखापतीबद्दल अथवा आजाराबद्दल माजी सैनिकाला केंद्र सरकारकडून मिळणारे निवृत्तिवेतन. माजी सैनिकांच्या बोलण्यात ते ‘डिसॅबिलिटी’ या एकाच शब्दाने ओळखले जाते. कोल्हापूर जिल्ह्याचा या विषयाशी संबंध जुना आहे. संस्थानी काळातील राजाराम रायफल्स ही पलटण पुढे मराठा लाइट इन्फन्ट्रीत सामील झाली, टेंबलाई टेकडीच्या परिसरात प्रादेशिक सेनेची १०९ मराठा बटालियन आहे आणि शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळीने तर सैन्यभरतीची परंपरा गावाच्या नावातच जपली आहे. अशा जिल्ह्यात हा दावा कसा चालतो, हे घरोघरी माहीत असण्याची गरज आहे.

निवृत्तिवेतनाचे दोन भाग असतात. सेवाघटक हा अखेरच्या वेतनाच्या ५० टक्के असतो. अपंगत्वघटक १०० टक्के अपंगत्वासाठी अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के असून अपंगत्व कमी असेल त्या प्रमाणात तोही कमी होतो. अपंगत्वघटकासाठी अपंगत्व किमान २० टक्के असावे लागते. ३१ जानेवारी २००१ च्या सरकारी पत्राने ही टक्केवारी वरच्या टप्प्यात धरण्याची सवलत दिली. त्यानुसार ५० पेक्षा कमी अपंगत्व ५० टक्के, ५० ते ७५ मधील ७५ टक्के आणि त्यापुढील १०० टक्के मानले जाते. समजा, एखाद्या हवालदाराचे अखेरचे वेतन ४०,००० रुपये आणि अपंगत्व ३० टक्के आहे. त्याचा अपंगत्वघटक एरवी ३,६०० रुपये झाला असता, तो या सवलतीने ६,००० रुपये होतो. ही सवलत मुदतीआधी घरी पाठवलेल्यांपुरतीच आहे, असे सरकारचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१४ रोजी राम अवतार प्रकरणात ते फेटाळले आणि पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्यांनाही ती लागू केली. प्रत्यक्ष युद्धात किंवा शत्रूच्या कारवाईत जखमी झालेल्यांसाठी युद्धजखम निवृत्तिवेतन वेगळे असून त्याचे दर बरेच जास्त आहेत.

दाव्याचा खरा निकाल बहुधा सेवेच्या शेवटच्या आठवड्यांतच लागतो. मुदत संपवून येणाऱ्याचे रिलीज मेडिकल बोर्ड होते, तर आजारपणामुळे सेवेतून काढावे लागणाऱ्याचे इन्व्हॅलिडिंग बोर्ड. डॉक्टरांचे हे मंडळ एका ठरावीक नमुन्यात तीन गोष्टी लिहिते : आजार सेवेमुळे झाला का, सेवेमुळे बळावला का आणि अपंगत्व किती टक्के. पहिल्या दोन्ही प्रश्नांपुढे ‘नाही’ पडले की टक्केवारी कितीही असो, अपंगत्वघटक नाकारला जातो. रक्तदाब, मधुमेह, मानसिक आजार आणि फेफरे यांच्या बाबतीत हे वारंवार घडते. आजार ‘शांत क्षेत्रात’, म्हणजे लढाऊ आघाडीपासून दूरच्या नेमणुकीत, सुरू झाला, एवढे एकच कारण नोंदवलेले आढळते आणि त्याआधी सियाचीनमध्ये किंवा काश्मीरच्या ताबारेषेवर काढलेल्या वर्षांचा उल्लेखही त्यात नसतो. कोऱ्या मनाने वाचणाऱ्यालाही हे अपुरे वाटावे, असाच हा शेरा असतो.

याच उणिवेवर सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात बोट ठेवले. भरतीच्या वेळी नोंदपत्रात कोणताही आजार लिहिलेला नसेल, तर जवान तेव्हा निरोगी होता असेच गृहीत धरले पाहिजे. आजार आधीचा होता आणि भरतीच्या तपासणीत तो दिसणे शक्य नव्हते, असे मंडळाला म्हणायचे असेल तर त्याने कारणे दिली पाहिजेत. पुराव्याचा भार जवानावर नाही आणि संशयाचा फायदा त्यालाच मिळाला पाहिजे, असे न्यायालयाने या निवृत्तिवेतनाचा हक्क ठरवणाऱ्या १९८२ च्या नियमांच्या आधारे सांगितले. त्यानंतरची बहुतेक अपिले याच निकालाचा आधार घेतात. तरीही हे गृहीतक म्हणजे आपोआप मिळणारा विजय नव्हे. काही मानसिक आजारांच्या प्रकरणांत न्यायालयाने मंडळाचे मत मान्यही केले आहे.

दुखापतीचे गणित वेगळे आहे. ती झाली त्या वेळी जवान कर्तव्यावर होता का, हे पाहिले जाते आणि त्यासाठी युनिटने भरलेला दुखापत अहवाल किंवा सैन्यातील चौकशी मंडळाचे (कोर्ट ऑफ इन्क्वायरी) कामकाज लागते. रजेवर येताना किंवा परत जाताना झालेला प्रवास १९८२ च्या नियमांत कर्तव्य मानलेला आहे. म्हणून मिरजेला गाडीतून उतरून गावी येणाऱ्या जवानाला वाटेत अपघात झाला, तर त्याचा दावा उभा राहतो. तोच जवान रजेत घरी असताना उसाच्या ट्रॉलीखाली सापडला, तर सेवेशी संबंध दाखवता येत नाही, आणि न्यायालयांनीही अशा दाव्यांना नकार दिला आहे. वाटेतल्या अपघाताची माहिती पोलीस ठाण्याला आणि युनिटला ताबडतोब लेखी कळवणे म्हणूनच महत्त्वाचे असते.

दावा नाकारल्याचे पत्र जवानाची सेवेची कागदपत्रे सांभाळणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसकडून येते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेकॉर्ड ऑफिस कोल्हापूरपासून सुमारे ११० किलोमीटरवर बेळगावला आहे, तोफखान्याचे नाशिक रोडला, तर सिग्नल्सचे जबलपूरला. म्हणजे शेजारी राहणाऱ्या दोन माजी सैनिकांचा पत्रव्यवहार दोन वेगळ्या राज्यांशी असू शकतो. पत्रापासून सहा महिन्यांत पहिले अपील करायचे असते. ते फेटाळले तर पुन्हा सहा महिन्यांत दुसऱ्या अपील समितीकडे जाता येते. अपिलात आपल्या हलाखीचे वर्णन करण्यापेक्षा बदल्यांचा तक्ता, रुग्णालयात दाखल झाल्याच्या तारखा आणि मंडळाच्या शेऱ्यातील उणीव यांवर भर देणे उपयोगाचे ठरते. मंडळाचे कागद हाती नसतील, तर माहिती अधिकार कायद्याखाली रेकॉर्ड ऑफिसकडे ते मागता येतात. निवृत्तिवेतन न मिळता घरी आलेल्यांची कागदपत्रे मात्र २५ वर्षांनी नष्ट केली जातात, त्यामुळे जुन्या पिढीतील अनेकांकडे डिस्चार्ज बुकाखेरीज काही उरत नाही. ते पुस्तक जपणे आणि त्याच्या प्रती काढून ठेवणे इतके साधे काम घरच्यांनी केले, तरी पुढची लढाई सोपी होते.

दोन्ही अपिले संपल्यावर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले हे न्यायाधिकरण २००९ मध्ये सुरू झाले आणि कोल्हापूरकरांसाठी त्याचे जवळचे खंडपीठ मुंबईत आहे. जिल्ह्याच्या दिवाणी न्यायालयात हा दावा चालत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच बसते, म्हणून पहिला अर्ज तिथेच करता येईल, अशी समजूत होऊ शकते. ती बरोबर नाही. न्यायाधिकरणाच्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. पण ती पायरी नंतरची. उशिरा आलेल्या दाव्यात हक्क मान्य झाला तरी थकबाकीला मर्यादा पडू शकते : २००८ च्या तरसेम सिंग निकालात ती अर्ज करण्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच मान्य झाली होती.

कागद जमवण्यासाठी आणि अर्ज लिहिण्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातील कल्याण संघटकाची मदत मिळते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये सुरू केलेल्या वीर परिवार सहायता योजनेत सैनिक मंडळांच्या कार्यालयांत मोफत कायदेविषयक मदत देण्याची तरतूद आहे. मंजूर झालेली रक्कम ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीतून येते, आणि आदेशातील टक्केवारी व स्पर्शवरील टक्केवारी एकच आहे का, हे पहिल्याच महिन्यात पडताळावे लागते.

२१ सप्टेंबर २०२३ पासून नवे हक्क-नियम लागू झाले आहेत. त्यांत सेवेत कायम राहून निवृत्त होणाऱ्यांच्या अपंगत्वघटकाच्या जागी ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ ही रक्कम आली असून आजारांचे निकषही अधिक काटेकोर झाले आहेत. त्या तारखेआधी निवृत्त झालेल्याने आपल्या अपिलात १९८२ किंवा २००८ यांपैकी आपल्याला लागू असलेल्या नियमांचाच आधार घ्यावा.