कर्नल-प्रवेशाची प्रोसेसर-स्थिती (६४-बिट आर्म लिनक्स)

बूटलोडर, म्हणजे यंत्र चालू झाल्यावर ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, कर्नलची (त्या सिस्टिमच्या गाभ्याची) प्रतिमा मेमरीत ठेवतो आणि तिच्या पहिल्या इन्स्ट्रक्शनवर उडी घेतो. त्या क्षणी प्रोसेसर कोणत्या अवस्थेत असावा, याच्या अटींना ही संज्ञा आहे. ६४-बिट आर्मसाठीच्या अटी लिनक्स कर्नलच्या दस्तऐवजांत नोंदलेल्या आहेत आणि यू-बूटसारखे बूटलोडर त्या पाळतात. हार्डवेअर मात्र त्या कुणावर लादत नाही. अट मोडली तर बहुधा त्रुटीसंदेशही दिसत नाही, कारण तो छापणारा कन्सोल अजून सुरूच झालेला नसतो.

एक्स-० रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या साठवण-जागेत) डिव्हाइस ट्रीचा, म्हणजे बोर्डवरच्या हार्डवेअरचे वर्णन करणाऱ्या माहितीचा, भौतिक पत्ता लागतो. एक्स-१ ते एक्स-३ शून्य. डिव्हाइस ट्री ८ बाइटच्या सीमेवर असावी, २ मेगाबाइटपेक्षा मोठी नसावी. सगळे इंटरप्ट (उपकरणांकडून येणारे व्यत्यय-संकेत) झाकलेले, प्रोसेसर नॉन-सिक्युअर (सुरक्षित कप्प्याबाहेरच्या, सामान्य) अवस्थेत, अधिकाराची पातळी ईएल२ (हायपरवायझरची) किंवा ईएल१ (कर्नलची). शिफारस ईएल२ची आहे, कारण आभासीकरणाच्या सोयी तिथूनच हाती येतात.

सर्वांत फसवी अट कॅशची, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीची. एमएमयू (आभासी पत्त्यांचे भौतिक पत्त्यांत रूपांतर करणारा भाग) बंद हवा, आणि तो बंद असताना डेटाची वाचने कॅश टाळून थेट रॅमकडे जातात. बूटलोडरने कॅश चालू ठेवून प्रतिमा उतरवली असेल, तर तिचा काही भाग अजून कॅशमध्येच अडकलेला असू शकतो. मग कर्नल रॅममधला जुना कचरा वाचतो. म्हणून प्रतिमेचा सगळा पट्टा आधी कॅशमधून रॅममध्ये उतरवावा लागतो. हे राहून गेले तरी बोर्ड कधी सुरू होतो, कधी नाही. कारण कॅशच्या कोणत्या ओळी आपोआप बाहेर पडल्या, ते दर वेळी बदलते. इन्स्ट्रक्शन कॅश चालू असली तरी चालते, फक्त तिच्यात प्रतिमेच्या पत्त्यांच्या शिळ्या नोंदी नकोत.

डीएमए करणारी, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत लिहिणारी, उपकरणेही शांत केलेली असावीत. नेटवर्कवरून कर्नल आणल्यावर कार्ड चालूच राहिले, तर उशिरा आलेले पॅकेट कर्नलच्या मेमरीवर लिहिले जाऊ शकते.

एक्स-८६ (इंटेल घराण्याच्या प्रोसेसरां) वर ग्रब या बूटलोडरचा मल्टिबूट करार (१९९५) वेगळा आहे: प्रोटेक्टेड मोड (प्रोसेसरची ३२-बिट अवस्था) चालू, पेजिंग (आभासी पत्ते) बंद, ए-२० वाहिनी (१ मेगाबाइटपुढच्या मेमरीसाठीची पत्ता-वाहिनी) खुली. पण स्टॅक मिळत नाही, आणि स्वतःची जीडीटी (मेमरीच्या सेगमेंटांची तक्ता-यादी) उभी करेपर्यंत सेगमेंट रजिस्टरांना हात लावायचा नसतो.