कोंबडीला विचारून पाहिलं तेव्हा

पिंजऱ्यातल्या कोंबडीच्या पायाखाली कोणती जाळी असावी? 1965 साली ब्रिटनमध्ये एका सरकारी समितीला हा प्रश्न पडला होता. आदल्या वर्षी रूथ हॅरिसन यांनी कारखान्यासारख्या चालणाऱ्या पशुपालनावर पुस्तक लिहिलं होतं. ते वाचून लोक हादरले, सरकारला काहीतरी करणं भाग पडलं आणि प्राणिशास्त्रज्ञ रॉजर्स ब्रँबेल यांच्या अध्यक्षतेखाली ही समिती नेमली गेली. समितीने इतर शिफारशींसोबत असंही सुचवलं, की बारीक तारेची षट्कोनी जाळी तळाला वापरू नये. पायांना ती रुतत असणार, त्यापेक्षा जाड तारेची जाळी बरी.

1973 मध्ये ह्यूज आणि ब्लॅक या दोन संशोधकांनी कोंबड्यांसमोर वेगवेगळ्या जाळ्या ठेवल्या आणि त्या कुठे जाऊन उभ्या राहतात ते पाहिलं. कोंबड्यांनी पसंत केली ती समितीने नाकारलेली बारीक जाळी. त्या जाळीवर पाऊल जास्त ठिकाणी टेकतं, आधार चांगला मिळतो. समितीतली माणसं विद्वान होती, त्यांचा हेतूही चांगला होता, पण त्यांनी कोंबडीच्या जागी स्वतःचे पाय ठेवून पाहिले होते.

प्राण्यांविषयीच्या वादात मी कुठल्याही बाजूचं बोलणं ऐकायला लागले की मला आधी ही जाळी आठवते. शेतीतल्या प्राण्यांबद्दल दोन विचार जगभर एकमेकांसमोर उभे आहेत. प्राणिकल्याणवादी म्हणतात, माणसाने प्राणी पाळावेत, त्यांचं दूध-अंडी-मांस घ्यावं, पण त्यांना त्रास कमीत कमी व्हावा. प्राणिहक्कवादी म्हणतात, मुळात दुसऱ्या जिवाला आपल्या उपयोगाची वस्तू मानण्याचा अधिकार माणसाला दिला कोणी? या वादात विज्ञान कुठवर सोबत करतं आणि कुठे आपला हात सोडतं, हे अंडी देणाऱ्या कोंबडीकडे पाहिलं की फार स्पष्ट दिसतं. गाय-म्हशीबद्दल बोलताना आपल्याकडे श्रद्धा आणि राजकारण लगेच मध्ये येतं. कोंबडीच्या बाबतीत तसं होत नाही, आणि म्हणूनच बहुधा तिच्याकडे कुणी पाहत नाही.

कोंबडीला काय आवडतं हे कळल्यावर पुढचा प्रश्न येतो: किती आवडतं? मुक्या प्राण्याची निकड मोजायची कशी? तर त्याला हवी ती वस्तू मिळवण्यासाठी कष्ट करायला लावायचे. कूपर आणि ॲपलबी यांनी कोंबडी आणि अंडं घालण्याची आडोशाची जागा यांच्यामध्ये ढकलून उघडायचं दार ठेवलं. अंडं घालण्याच्या साधारण 40 मिनिटं आधी ती कोंबडी त्या जागेसाठी जितका जोर लावत होती, तितकाच जोर ती चार तास उपाशी राहिल्यावर दाण्यासाठी लावत होती. अंडं घालायला 20 मिनिटं उरली की हा जोर दुप्पट व्हायचा. ज्यांच्या घरी कोंबड्या होत्या त्यांना यात नवल वाटणार नाही. आमच्या आजोळी अंड्यावर आलेली कोंबडी सकाळपासून अस्वस्थ आवाज काढत घरभर फिरायची आणि कोनाड्यातली गवताची पाटी सापडली की एकदम शांत व्हायची. प्रयोगाने त्या अस्वस्थतेला आकडा दिला. नुसत्या जाळीच्या, कसलीही सोय नसलेल्या पिंजऱ्यात पाटी नसते, कोनाडा नसतो. तळ उतरता असतो, अंडं घातलं की घरंगळत बाहेरच्या पन्हाळीत जातं.

मातीत लोळण्याचंही तसंच. कोंबडी धूळ अंगावर उडवून घेते ती पिसांवरचं जुनं तेलकटपण झडावं म्हणून. पिंजऱ्यात माती नसते, तरी ती जाळीवर आडवी होऊन पाय झाडते, पंख फडफडवते, नसलेली धूळ अंगावर घेते. हे दृश्य ज्याने पाहिलं आहे त्याला ही गरज खरी आहे का, असं विचारावं लागत नाही.

अशा अभ्यासांतून कल्याणाचा विचार पक्का होत गेला. ब्रँबेल समितीने म्हटलं होतं, की प्राण्याला निदान उभं राहता, बसता, वळता, अंग साफ करता आणि हातपाय ताणता यावेत. त्यातूनच पुढे 1979 मध्ये ‘पाच स्वातंत्र्यं’ आली: तहानभुकेपासून, गैरसोयीपासून, वेदना-दुखापत-आजारापासून, भीती आणि तणावापासून मुक्तता, आणि आपल्या स्वभावाप्रमाणे वागण्याची मोकळीक. युरोपीय संघाने 1999 मध्ये निर्णय घेतला आणि 1 जानेवारी 2012 पासून असे सोयी नसलेले पिंजरे वापरणं बंद केलं. त्यानंतर पिंजरा ठेवायचाच असेल तर दर कोंबडीमागे किमान 750 चौरस सेंटिमीटर जागा, आडोसा, बसायला दांडी आणि उकरायला काहीतरी देणं बंधनकारक झालं. स्वित्झर्लंड तर वीस वर्षं आधीच तिथे पोचलं होतं.

भारतात 2023-24 मध्ये सुमारे 14,277 कोटी अंडी निघाली. त्यातली बहुतेक व्यावसायिक पोल्ट्रीतली, आणि तिथे पिंजरा पद्धतच चालते. एका पक्ष्याच्या वाट्याला ए-फोर कागदापेक्षाही कमी जागा येते. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा मात्र आपल्याकडे 1960 पासून आहे. पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात प्राणी ठेवणं हा त्याच्या 11व्या कलमाप्रमाणे गुन्हा आहे. विधी आयोगाने 2017 मध्ये 269 व्या अहवालात कोंबड्यांच्या निवाऱ्याबद्दल वेगळे नियम करण्याची शिफारस केली. सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या जल्लीकट्टू निकालात ही पाच स्वातंत्र्यं या कायद्यात अभिप्रेतच आहेत असं म्हटलं, आणि जगण्याच्या हक्काची भाषा प्राण्यांपर्यंत नेली. मग 18 मे 2023 रोजी घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक यांच्याबरोबर महाराष्ट्राचा बैलगाडा शर्यतीचा कायदाही वैध ठरवला, आणि प्राण्यांना मूलभूत हक्क असल्याचा पूर्वदाखला नाही असं सांगितलं. नऊ वर्षांत एकाच न्यायालयाने कल्याण आणि हक्क या दोन्ही भाषा बोलून पाहिल्या. शर्यतीचा बैल लोकांना दिसतो, त्याच्यासाठी गावं रस्त्यावर येतात. कोंबडीचा पिंजरा त्या कायद्याखाली येतो हे किती जणांना ठाऊक असेल?

हक्काचा विचार नवा नाही, आणि तो एकसंधही नाही. इंग्लिश तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम यांनी 1789 मध्येच विचारलं होतं, की प्राण्याला बुद्धी आहे का, बोलता येतं का, हे सोडा. त्याला यातना होतात का? 1975 मध्ये तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी हा धागा पुढे नेला. लोक त्यांना हक्कवादी म्हणतात, पण ते एकूण सुखदुःखाचा हिशेब मांडतात. हक्काचा खरा आग्रह 1983 मध्ये तत्त्वज्ञ टॉम रेगन यांनी धरला. स्वतःचं आयुष्य कसं जातंय याने ज्याला फरक पडतो, त्या जिवाला स्वतःची किंमत आहे, दुसऱ्याच्या फायद्यासाठी त्याला वापरता येणार नाही. पिंजरे मोठे करू नका, रिकामे करा, ही त्यांची मागणी. अमेरिकेतले कायद्याचे अभ्यासक गॅरी फ्रान्सिओनी आणखी पुढे जातात. त्यांच्या मते सुधारणांमुळे ग्राहकाचं मन निश्चिंत होतं आणि प्राणी कुणाच्या तरी मालकीची वस्तूच राहतो.

फ्रान्सिओनींचं हे म्हणणं मला बरीच वर्षं पटत नव्हतं. आज पिंजऱ्यात असलेल्या पक्ष्याला उद्या दांडी आणि आडोसा मिळणार असेल, तर तत्त्वासाठी त्याला थांबायला सांगणं मला निर्दयपणाचं वाटतं, आणि अजूनही वाटतं. पण कोंबडीच्या हाडांचा अभ्यास वाचल्यावर माझी खात्री ढळली.

आपल्या कोंबड्यांचा पूर्वज, तांबडा रानकोंबडा. त्याची मादी वर्षाला डझनभर, फार तर पंधरा अंडी घालते. आजच्या लेयर, म्हणजे अंड्यांसाठी पैदास केलेल्या, जातीची कोंबडी 300 हून जास्त घालते. एका टरफलात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे तिच्या अख्ख्या सांगाड्यातल्या कॅल्शियमचा जवळजवळ दहावा भाग. टरफल बनतं ते मुख्यतः रात्री, पोटात दाणे नसताना. ही तूट भरून काढण्यासाठी पक्ष्यांच्या पोकळ हाडांच्या आत कॅल्शियमचा एक तात्पुरता साठा असतो, रोज भरणारा आणि रोज रिकामा होणारा. अडचण अशी, की अंडी चालू असेपर्यंत शरीर हा साठाच भरत राहतं. भार पेलणारं खरं हाड नव्याने बनत नाही, उलट झिजत जातं. पूर्वी कोंबडी खुडूक बसली की अंडी थांबायची आणि हाडांना सवड मिळायची. खुडूक बसणं म्हणजे उत्पादनाचं नुकसान, म्हणून निवड करत करत ती सवयच या जातींतून काढून टाकली गेली.

डेन्मार्कमध्ये 40 कळपांतल्या जवळजवळ पाच हजार कोंबड्या तपासल्या गेल्या. त्याचे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे 85 टक्के कोंबड्यांच्या छातीचं मधलं उभं हाड मोडलेलं होतं. यात सुधारित पिंजऱ्यातल्या होत्या, मोकळ्या शेडमधल्या होत्या, बाहेर फिरणाऱ्या आणि सेंद्रिय शेतीतल्याही होत्या. लहान चणीच्या आणि लवकर अंड्यावर आलेल्या कळपांत धोका अधिक होता. शेतकरी जागा वाढवू शकतो, दांड्या बसवू शकतो, खाली तूस पसरून गादी पद्धत अवलंबू शकतो. पण जो पिंजरा हाडात जाऊन बसला आहे, त्याचं दार त्याच्या शेडमध्ये नसतं, पैदास करणाऱ्या कंपनीत असतं.

नर पिल्लांचं तेच. लेयर जातीचा नर अंडी देत नाही आणि मांसासाठीही परवडत नाही, म्हणून तो हॅचरीतच, जन्माच्या दिवशी मारला जातो. जगात दर वर्षी असे सुमारे 700 कोटी. जर्मनीने 1 जानेवारी 2022 पासून हे बंद केलं. आता तिथे अंड्यातच लिंग ओळखून नर अंडी पिल्लू बाहेर येण्याआधी बाजूला काढतात, किंवा नर वाढवतात. कल्याणाच्या पाच स्वातंत्र्यांत या पिल्लाची जागा कुठे? त्याला तहान लागायलाही वेळ मिळत नाही.

जर्मनीतच आणखी एक प्रयोग झाला, 2020 मध्ये प्रसिद्ध झालेला. काही लेयर कोंबड्यांच्या शरीरात संप्रेरकाची एक बारीक कांडी बसवून त्यांची अंडी थांबवली गेली. जात तीच, सोबतच्या कोंबड्या तशाच. क्ष-किरणांत या कोंबड्यांची हाडं जास्त घट्ट दिसली, आणि छातीचं हाड मोडण्याचं प्रमाण अंडी देणाऱ्यांपेक्षा खूपच कमी आढळलं. त्या प्रयोगातल्या धडधाकट कोंबड्या शेतकऱ्याला मात्र एका पैशाच्याही उपयोगाच्या नव्हत्या.